लोखंडी खिडकी कूलर, घरात दोन लहान पोरं आणि नागपूरचा मे महिना : दीड महिना वापरून लिहितेय

हा कूलर कुठल्या कंपनीचा नाही. दुकानात पत्र्याची बॉडी बनवून आत पंखा, पंप बसवून देतात ना, तो आपल्याकडचा नेहमीचा लोखंडी कूलर. १८ इंची पंखा, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने ओल्या राहणाऱ्या चौकटी, त्यांच्यातून हवा आत येते), खाली साधारण ६० लिटरची टाकी. स्टँडसकट ७,८०० ला पडला. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती एकाच दुकानाची नाही असं मला आता कळलंय.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दीड-दोनपर्यंत भिंतींना हात लावला तरी गरम लागतात. मोठी साडेतीन वर्षांची, तिची नर्सरी एप्रिलच्या मध्यालाच बंद झाली, आणि धाकटा पाच महिन्यांचा. २०१३ ला इथे ४७.९ पर्यंत पारा गेला होता तेव्हा मी कॉलेजात होते, तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवर फिरायचे आणि काही वाटायचं नाही. आता बाळाच्या मानेवर बारीक लाल घामोळ्या दिसल्या तरी माझा जीव खालीवर होतो. म्हणून यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच कूलर घेऊन टाकला.

एसी का नाही हे सगळेच विचारतात. बिल हा मुद्दा आहेच, पण आमच्यासाठी खरं कारण वेगळं होतं. एसीला खोली बंद पाहिजे, आणि साडेतीन वर्षांचं मूल घरात असताना कुठलंच दार बंद राहत नाही. ती आजीकडे जाते, परत येते, बाहुली विसरली म्हणून पुन्हा जाते, पाणी पाहिजे म्हणून येते, दार सताड उघडं. कूलरला उलट तेच पाहिजे असतं, एका खिडकीतून गार हवा आत आली की समोरच्या दारातून किंवा खिडकीतून दमट हवा बाहेर जायला वाट लागते. त्यामुळे तिला दिवसभर "दार लाव, दार लाव" म्हणून ओरडायची वेळच येत नाही, आणि पोरांच्या घरात ही केवढी मोठी सोय आहे हे ज्याच्या घरात आहेत त्यालाच कळेल.

कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर ठेवायचा, आत फक्त तोंड, आणि बाजूच्या फटी थर्माकोलने बंद करायच्या. पहिले दोन दिवस आम्ही स्टँड आला नव्हता म्हणून खोलीतच ठेवून चालवला, तेव्हा गाद्या ओलसर, चादर चिकट, बाळ रात्रभर किरकिर करत होतं, मला वाटलं पैसे गेले. बाहेर बसवला आणि त्याच दुपारी फरक कळला. बाळाच्या खोलीत आम्ही एक छोटा तापमान दाखवणारा डबा ठेवलाय, बाहेर ४४ असताना आत ३१ दाखवत होता. ३१ म्हणजे काही गार नाही, पण झबलं घालून, पायात काही नाही, असं पाच महिन्यांचं बाळ त्यात दोन तास सलग झोपतं.

झोत थेट अंगावर घ्यायचा नाही. बाळाची साडीची झोळी आम्ही कूलरच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीकडे बांधली, म्हणजे हवा खोलीत फिरते आणि त्याच्यापर्यंत हळू येते. कूलरच्या त्या एकसुरी आवाजावर तो इतका छान झोपतो की लाइट गेली आणि आवाज थांबला की गरमीने नाही, शांततेनेच उठतो.

नव्या ताट्यांबद्दल आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वुडवूलच्या ताट्या म्हणजे लाकडाच्या पातळ कुरळ्या पट्ट्या भरलेल्या असतात, सुरुवातीला त्यातून चहासारखं पिवळं पाणी येतं आणि ओल्या लाकडाचा उग्र वास सुटतो. दोन दिवस खोलीत बाळ नसताना चालवा, टाकीतलं पाणी दोनदा फेकून द्या, मग वास जातो. सासूबाई म्हणत होत्या वाळ्याच्या ताट्या घ्या, वास किती छान येतो. त्या महाग पडतात म्हणून आम्ही यंदा घेतल्या नाहीत.

पाणी मात्र खूप पितो. साध्या दिवसात टाकी दोनदा, आणि २५ मे ला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागल्यावर तीनदा भरावी लागली. आमच्याकडे नळ सकाळी दोनच तास, कडेवर एक पोर, दुसऱ्या हातात बादली, असं चार दिवस केलं आणि पाठ धरली. मग छतावरच्या टाकीतून पाइप आणून कूलरमध्ये फ्लोट बसवून घेतला, पाणी कमी झालं की आपोआप भरतं. लहान मूल असेल तर फ्लोट पहिल्याच दिवशी बसवा. छतावरचं पाणी दुपारी इतकं तापतं की हात घालवत नाही, तरी हवा गारच येते, कारण गारवा पाणी उडून जाताना होतो, पाणी थंड असायला पाहिजेच असं नाही. सासूबाईंनी एकदा टाकीत बर्फाचे दोन ट्रे टाकून पाहिले, पंधरा मिनिटांत जसंच्या तसं.

आता तक्रार.

मे च्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मोठीला एक खेळ सापडला होता, कूलरसमोर उभं राहून तोंड जाळीजवळ न्यायचं आणि "आऽऽऽ" करायचं, की आवाज थरथरत परत येतो. दिवसातून वीस वेळा तेच, आणि धाकटा झोळीतून ते ऐकून खदखदून हसायचा. एक दिवस दुपारी ती किचनमध्ये आली, हात पाठीमागे धरलेला, आणि म्हणाली, "आई, कूलर चावतो." मी धाकट्याला पाजत होते, मला वाटलं जाळीचा पत्रा टोचला असेल, म्हटलं, "बाळा, लांब उभी राहा." ती गेली. अर्ध्या तासाने परत, "आई, तो खरंच चावतो, इथे," आणि उजव्या हाताची दोन बोटं दाखवली. बोटांवर काही नव्हतं, ओरखडाही नाही.

मग मी उठले. खिडकीखाली फरशी ओली होती, पाणी भरताना सांडलेलं, आणि मी अनवाणी. लंगोट बदलून हात धुतलेले, तेही ओलेच. कूलरच्या बॉडीला बोटाची मागची बाजू लावली आणि मुंग्या मनगटापर्यंत आल्या. मी खाली बसले. आधी पोरीला उचललं, मग मेन स्वीच बंद केलं. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी उठायला हवं होतं, हे आजही मनातून जात नाही.

वायरमन दादा संध्याकाळी आले. टेस्टर बॉडीला लावला की लगेच दिवा लागला. त्यांनी वायर हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, टू-पिन आहे ही. अर्थिंगच नाही याला. बॉडीत करंट येऊन राहिला." पंपाची वायर पत्र्याच्या भोकातून बाहेर काढलेली, त्या भोकाला रबराची कडी नाही, पत्र्याची धार तशीच, आणि कूलरच्या हादऱ्याने वायर घासून घासून आतली तार उघडी पडलेली. वर पाणी टपकत होतंच. मी दुकानात फोन केला तर ते म्हणाले, सगळे असेच नेतात ताई, कोणाला काही होत नाही.

होतं. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, आणि महावितरण दर वर्षी तेच सांगतं, थ्री-पिन लावा, अर्थिंग तपासा, पाणी भरताना स्वीच बंद करून पिन काढा. मी ते वाचून पान उलटणाऱ्यातलीच होते. आता सांगते, कूलर विकणाऱ्याने टू-पिन लावून देणं बंदच व्हायला पाहिजे, तीन वर्षांच्या मुलाला करंट म्हणजे काय हे कुठून माहीत असणार, ते "चावतो" म्हणेल नाहीतर म्हणणारही नाही.

आम्ही नंतर काय केलं ते सांगते, जवळजवळ सगळं एका संध्याकाळीच झालं. पंपाची पूर्ण वायर बदलली, भोकात रबराची कडी घातली, थ्री-पिन लावली आणि अर्थची हिरवी वायर बॉडीला नट-बोल्टने पक्की केली. मग घरातल्या त्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते तपासलं, कारण सॉकेटलाच नसेल तर थ्री-पिनचा काही उपयोग नाही. आणि बोर्डात ३० मिलीअँपियरची आरसीसीबी बसवली, करंट कुठे गळायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. तिच्यावर महिन्याला टेस्टचं बटण दाबून पाहायचं असतं. समोरच्या जाळीच्या पट्ट्यांमधून लहान बोटं आत जात होती म्हणून वरून बारीक जाळी लावून घेतली, हवा थोडी कमी झाली, चालेल. सगळे मिळून साधारण साडेतीन हजार लागले, म्हणजे कूलर ७,८०० चा नाही, ११ हजारांच्या वर गेला, हे धरूनच घ्यायला जा.

डासांचं पण सांगते. कूलरच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आम्ही रविवार धरलाय. टाकी पूर्ण रिकामी, काथ्याने आतून घासायची, नुसतं पाणी ओतून टाकलं तर अंडी कडेला चिकटून राहतात, मग उन्हात कोरडी होऊ द्यायची. मोठी या कामात पुढे असते, पण पाइप हातात घेण्याआधी दर वेळी विचारते, "आई, पिन काढली?" आणि मी पिन हातात धरून दाखवल्याशिवाय जवळ जात नाही.

उन्हाळा म्हणजे फक्त कूलर नाही हे खरं. धाकटा या महिन्यात दर तासा-दीड तासाला प्यायला मागायचा, रात्री पण, आणि सासूबाईंना फार वाटायचं, "अगं, पोराचा घसा सुकून राहिला असंल, दोन चमचे पाणी दे ना." डॉक्टरांनी सांगितलं की सहा महिने आईचंच दूध, त्यात बहुतेक पाणीच असतं, वरचं पाणी नको, ओलं होणारे लंगोट मोजा. त्यानंतर सासूबाईच मला दोन-दोन तासांनी पाण्याचा तांब्या, कैरीचं पन्हं, ताक आणून द्यायला लागल्या, म्हणाल्या, तू पी म्हणजे तो पिईल. मोठीला मात्र एक दिवस जुलाब झाले, तेव्हा ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात थोडी पावडर असं नाही, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक. त्या दोन दिवसांत कूलरच्या खोलीत तिला पडून राहायला मिळालं याचं मला फार बरं वाटलं.

आवाज मोठा आहे, फोनवर बोलायचं तर बाहेर जावं लागतं. आमच्या खारट पाण्याने महिनाभरात ताट्यांवर पांढरे क्षार धरले आणि पंपाची नळी एकदा तुंबली, पाच मिनिटांचं काम आहे पण करावं लागतं. बॉडीला खालून गंज दिसायला लागलाय. वीज खूप कमी खातो, पंखा आणि पंप मिळून आमचा २०० वॅटच्या आसपास, म्हणून रात्रंदिवस चालवताना मनावर दडपण नव्हतं.

गारव्यासाठी पाचपैकी साडेचार, दुकानातून जसा येतो तसा सुरक्षिततेसाठी एक.

जूनचा दुसरा आठवडा लागला तशी हवा दमट झाली आणि पंप चालू केला की चिकचिक व्हायला लागली, म्हणून आता पंप बंद, नुसता पंखा. टाकी कोरडी करून ठेवलीय. ताट्या उतरवल्या की मिस्त्रीला बोलावून खालच्या पत्र्याला रंग मारून घेणार आहे, आणि पुढच्या वर्षी एका बाजूची तरी ताटी वाळ्याची, सासूबाईंसाठी.