पेटी ठेवायची, स्कॅन करायचं की ज्याचं त्याला द्यायचं? जुन्या फोटोंचा निर्णय घेताना

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं भाड्याच्या छोट्या घरात काढायची, आणि आईच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी : ११ अल्बम, बुटांचे दोन खोके, निगेटिव्हची पाकिटं. मोजले तर सुमारे १,२६० फोटो. ‘स्कॅन कर आणि मोकळी हो,’ असं भाऊ म्हणाला. आई काहीच बोलली नाही, फक्त पेटीचं कुलूप तिने स्वतःच्या पिशवीत ठेवलं. गेले पाच महिने मी या पेटीशी रोज थोडी थोडी बसते आहे. ज्यांच्या घरी असाच निर्णय अडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळं जसंच्या तसं ठेवणं हा पहिला पर्याय. तो सोपा वाटतो, पण कोणता फोटो किती टिकेल याचा आपला अंदाज बहुतेक वेळा उलटा असतो. आजोबांचा काळा-पांढरा फोटो चांदीच्या कणांनी बनलेला आहे. कोरड्या जागी ठेवला तर तो शंभर वर्षं सहज काढतो. १९७०-८० च्या दशकातले रंगीत फोटो रंगद्रव्यांचे, आणि ती अंधाऱ्या कपाटातही फिकी पडत जातात. आधी बहुधा निळसर छटा जाते आणि सगळं तांबूस दिसायला लागतं. म्हणजे पणजीच्या फोटोला घाई नाही, घाई आहे तुमच्या बारशाच्या फोटोंना.

अल्बमचंही तसंच. काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले, मधे जाळीच्या नक्षीचा पातळ कागद असलेले अल्बम आमच्याकडे उत्तम राहिले आहेत. पुढे चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम आले, त्यांनी मात्र वाट लावली. गोंद पिवळा होतो आणि फोटो पानाला कायमचा धरतो. तो ओढून काढू नका. दात साफ करायचा धागा, डेंटल फ्लॉस, फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवा. तरीही सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा.

ठेवायचंच असेल तर जागा नीट निवडा. पलंगाखाली नको, गच्चीलगतच्या तापणाऱ्या माळ्यावरही नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातल्या, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईतल्या, जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या घरांत जे जमिनीलगत होतं ते आधी पाण्यात गेलं. भिजलेले फोटो एकमेकांवर तसेच वाळू दिले की चिकटतात. स्वच्छ पाण्यातून अलगद सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरायचे. दमट हवेत बुरशी आणि कसर ही रोजची भीती आहेच.

आता स्कॅनिंग. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) आणि टिफ स्वरूपात, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळता घेतला तर एकेक फाईल साधारण २६ एमबीची होते. आमचे सगळे मिळून ३३ जीबी होतील. गुगलची मोफत जागा १५ जीबी, आणि तीही मेलसकट. चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये, म्हणजे चित्र थोडं दाबून लहान करणाऱ्या नेहमीच्या स्वरूपात, काम पाच-सहा जीबीत भागतं, घरगुती वापराला तेवढं पुरतं. वेळेचा हिशेब मात्र आधी करा : पुसणं, ठेवणं, स्कॅन, नाव देणं, एका फोटोला दोन मिनिटं धरली तरी आमचे ४२ तास होतात. मोबाईलने काढणं झटपट आहे, पण चकाकी येते. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि खातं ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला तर काय, हे आजच ठरवा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल पुसू शकतं.

स्कॅनिंगबद्दल मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, त्यानंतर आम्ही त्यांचे चार अल्बम जवळच्या एका दुकानात स्कॅनिंगला दिले होते. ३१२ फोटोंचा पेनड्राइव्ह आला. चित्रं छान होती म्हणून आम्ही अल्बम टाकून दिले. बाबांना प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायची सवय होती : कोण, कुठे, कोणत्या निमित्ताने. दुकानात मागची बाजू कुणी उलटूनसुद्धा पाहिली नव्हती, आणि आम्हीही ते सांगितलं नव्हतं. आज त्या पेनड्राइव्हवर जीपसमोर उभी सात माणसं आहेत. डावीकडून तिसरे बाबा. उरलेले सहा कोण, हे सांगणारं अक्षर आमच्या हाताने कचऱ्यात गेलं. म्हणून कागद सोडायचा असेल तर आधी फोटो उलटा करा. मागचं अक्षर, स्टुडिओचा शिक्का, तारीख, सगळं स्कॅन करा. बाकी चुका एक वेळ दुरुस्त होतील, ही होत नाही.

फोटो गेला की आठवणही जाईल, ही भीती खरी असते. पण फोटो आठवण जपतो तशी नवी तयारही करतो. किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला : लोकांना त्यांच्या लहानपणीच्या खऱ्या फोटोंबरोबर, गरम हवेच्या फुग्यातून फिरतानाचा जुळवलेला खोटा फोटो दाखवला. पुन्हा पुन्हा विचारल्यावर निम्म्या लोकांना न झालेली ती फेरी थोडीफार ‘आठवली’. मला नरसोबाच्या वाडीची सहल आठवते असं वाटायचं. खरं तर मला घाटाच्या पायऱ्यांवरचा आमचा फोटो आठवत होता. तो पालथा ठेवला आणि आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘तुझी एक चप्पल नदीत गेली होती. परतताना बाबांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि तू झोपलीस.’’ फोटोत यातलं काहीच नाही. तेव्हापासून आम्ही आधी फोटो पालथा ठेवतो, आई बोलते, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते, आणि मग सुलटा करतो. सुलटा केल्यावर फक्त नावं लिहायची.

त्यामुळे माझी विभागणी कागद की डिजिटल अशी राहिली नाही. नावं सांगणारं माणूस आज आहे, असे फोटो आधी. ज्यांची नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत, ते नंतर.

तिसरा पर्याय लोकांच्या ध्यानात कमी येतो, आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो : ज्याचा फोटो त्याच्याकडे पाठवणं. एका फोटोत आई आणि दुसरी एक बाई शिलाई मशीनपाशी बसल्या आहेत.

‘‘आई, ही कोण गं?’’

‘‘अगं, ही शेजारची इंदू. हिनेच मला ब्लाउज बेतायला शिकवलं. कापड कमी पडलं की बगलेत असा तुकडा जोडायची, बाहेरून कळायचंसुद्धा नाही.’’

इंदूमावशी नाहीत, पण त्यांची मुलगी नाशिकला असते. तिच्याकडे स्वतःच्या आईचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. आमच्या पेटीत तो शेकड्यांतला एक होता, तिच्या घरी तो एकुलता एक. आम्ही स्कॅन ठेवला आणि मूळ फोटो तिला दिला. स्कॅन करून कागद टाकताना हात अडखळतो, इथे तो अडखळला नाही.

संग्रहाला देणं हा चौथा मार्ग थोड्याच फोटोंना लागू पडतो. गिरणी, शाळा, नाटकमंडळी, संप, बदललेला रस्ता यांचे फोटो असतील तर गावच्या जुन्या ग्रंथालयाला किंवा इतिहास संशोधन मंडळाला जरूर विचारा. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ कौटुंबिक फोटो त्यांच्या गोष्टीसकट ऑनलाइन मांडतो.

निर्धास्तपणे काय सोडता येतं? एकाच क्षणाच्या चार प्रती, माणसांशिवायचे सूर्यास्त, आणि लग्नाच्या अल्बममधले आहेराचे फोटो. पाकीट देणारी जोडपी आमच्याकडे ८० निघाली. पण तेही भराभर टाकू नका. एका आहेराच्या फोटोत मागे, मांडवाच्या कडेला, आजी एका पायावर ताट ठेवून एकटी जेवते आहे. सगळ्यांचं वाढून झाल्यावर. आजीचा कामातून बसलेला असा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

टाकायचे ते फाडून, चेहरे अर्धे करून सुक्या कचऱ्यात द्या. अख्खे रद्दीत गेले तर जुन्या बाजारात कुणाच्या तरी पथारीवर मांडले जातात. रंगीत फोटोंच्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे जाळू नका, आणि नदीत तर सोडूच नका, मनात कितीही भक्ती असली तरी.

आमचं अजून संपलेलं नाही. सध्या १४० मूळ फोटो ठेवायचे ठरलेत, साधारण २०० वाटून झालेत. काळ्या पानांचा अल्बम मात्र तसाच राहणार आहे. इंदूमावशींचा फोटो काढला त्या जागी चार कोपरे रिकामे आहेत, आणि त्यांच्या मधोमध आईने शिवणाच्या डब्यातल्या पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलंय : ‘इंदू. नाशिकला लेकीकडे.’