एमएसमधलं सामाजिक आकलन: अभ्यासासाठी कुठला स्कॅन निवडावा?

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात काही पेशंटना समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती, राग पटकन ओळखता येत नाही, न बोललेलं ताडता येत नाही, म्हणजे त्यांचं सामाजिक आकलन कमी पडतं. चालणं-फिरणं ठीक असतानाही हे होऊ शकतं. घरचे म्हणतात, ‘स्वभावच बदलला.’ त्या माणसावर हा अन्याय आहे, म्हणून बडोद्यातलं कुणी या विषयावर प्रबंध करायचं म्हणत असेल तर मला मनापासून आनंद होतो. प्रश्न असतो स्कॅनचा.

फंक्शनल एमआरआयची भुरळ सगळ्यांनाच पडते. पेशंट चेहरे पाहतोय आणि रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते कळतंय! पण एमएसमध्ये थकवा लवकर येतो, हात अशक्त असेल तर बटण दाबणं जड जातं, डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली असेल तर चेहराच नीट दिसत नाही. शिवाय एखादा भाग जास्त सक्रिय दिसला, तर मेंदू नुकसान भरून काढतोय की नुसताच धडपडतोय, हे ठरवणं अवघड. विश्रांतीतल्या फंक्शनल स्कॅनमध्ये पेशंटला नुसतं पडून राहायचं असतं, पण त्यातून सामाजिक आकलन थेट मोजलं जात नाही.

साधा एमआरआय निदानासाठी झालेलाच असतो. त्यात डाग दिसतात, भावना ओळखण्यात भाग घेणाऱ्या अमिग्डाला या मेंदूतल्या भागाचं आकारमान मोजता येतं. मात्र डाग किती आणि त्रास किती, यांचा मेळ नेहमी बसत नाही. इथे डिफ्यूजन इमेजिंग हा एमआरआयचाच एक प्रकार उपयोगी पडतो. मायेलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, झिजलं की मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या वाटा बिघडतात, आणि ही पद्धत त्या वाटांचीच तपासणी करते. जिथे तंतू एकमेकांना छेदतात तिथे ती चकते, हे ध्यानात ठेवा.

पेशंट थोडे असतील तर मी साधा एमआरआय आणि डिफ्यूजन घेईन, आणि चाचणी स्कॅनरबाहेर, निवांत. डोळ्यांच्या ३६ फोटोंवरून भाव ओळखायची चाचणी प्रसिद्ध आहे, पण त्यातले चेहरे पाश्चात्त्य. बडोद्याच्या दांडिया बाजारात घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्याला त्याच्या सवयीच्या भाषेतल्या छोट्या प्रसंगांवर प्रश्न विचारणं मला जास्त भरवशाचं वाटतं. त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या निरोगी लोकांनाही तीच चाचणी द्या. नैराश्य आणि विचारांचा वेगही मोजा, नाहीतर मंदावलेला वेगच सामाजिक अडचण म्हणून नोंदला जाईल.

रेडिओलॉजीवाल्यांशी आधीच बोला: डिफ्यूजन किती दिशांनी घेतात आणि मूळ डेटा देतील का. नुसत्या फिल्म आणि रिपोर्टवर ही मोजमापं होत नाहीत.