कॅमेरा उचलायला डेल्टा की रोक्काकू?

पतंगाच्या दोरीला कॅमेरा टांगून वरून फोटो काढायचे ठरले, की निवड बहुधा डेल्टा (त्रिकोणी पंखांचा पतंग) आणि रोक्काकू (जपानी षटकोनी पतंग) या दोघांवर येऊन थांबते. नुसत्या ताकदीवर निकाल लागत नाही. २ मीटर उंचीचा रोक्काकू काय किंवा ३ मीटर पंखांचा डेल्टा काय, ताशी १५ किलोमीटरच्या सलग वाऱ्यात छोटा कॅमेरा टांगणीसकट पेलतो. वारा बिघडला की कोण कसा वागतो, ते पाहायचे.

डेल्टाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला कन्नी, म्हणजे पतंगाला मुख्य दोरीशी जोडणारे दोऱ्यांचे बांधणे, नसते. पोटाखालच्या त्रिकोणी कापडाच्या टोकाला दोरी अडकवली की काम झाले. आडवी काठी मधल्या कण्याला बांधलेली नसते, ती फक्त पंखांच्या कडेच्या दोन काठ्यांमध्ये बसते. त्यामुळे झोत आला की पंख मागे लवतात, जादा वारा सांडतो आणि पतंग आपला आपण सावरतो. मंद वाऱ्यात तो सहज चढतो, आणि इतका उभा चढतो की आजूबाजूला झाडे असलेल्या लहान मैदानातही भागते. कडेच्या दोन काठ्या मात्र सारख्याच लवचिक हव्यात. एक कडक आणि एक नरम असली की तो कायम एकीकडे झुकतो.

रोक्काकू जपानच्या निइगाता प्रांतातल्या सान्जो गावचा, लढतीसाठी घडलेला षटकोनी पतंग. एक उभा कणा, दोन आडव्या काठ्या आणि चार पायांची कन्नी. ठरलेले माप ५ उंचीला ४ रुंदी. म्हणजे कणा १५० सेंमी असेल तर आडव्या काठ्या १२० सेंमीच्या, आणि त्या दोन्ही टोकांपासून ३० सेंमीवर बसतात. लढणारे त्याच्या आडव्या काठ्यांची कमान (बाक) सैल ठेवून तो जवळजवळ सपाट उडवतात, म्हणजे तो हाताच्या खेचीवर चटकन वळतो. कॅमेऱ्याला याच्या उलट हवे असते. १२० सेंमीच्या काठीला मधोमध १२ ते १८ सेंमी कमान द्या. पतंग शांत होतो, ओढही थोडी कमी होते.

माझ्यापुरता निर्णय ज्या गोष्टीने झाला ती डेल्टाची डोक्यावरून पुढे निघून जायची सवय. दुपारी जमीन तापली की गरम हवेचे लोट उठतात. डेल्टा हलका, वाऱ्याला अडवणारा भाग कमी, त्यामुळे असा लोट मिळाला की तो उडवणाऱ्याच्या डोक्यावर येतो, तिथून वारा येतो त्या दिशेकडे सरकत राहतो आणि दोरी ढिली पडते. मोकळ्या पतंगाला याने काही होत नाही. दोरी थोडी खेचली की तो परत उभा राहतो. पण कॅमेरा पतंगाखाली सुमारे ३० मीटरवर दोरीलाच लटकलेला असतो. दोरी ढिली पडताच कॅमेऱ्याचा आधार जातो आणि पतंग वरच असताना कॅमेरा खाली यायला लागतो. शंभर मीटर दोरी सोडलेली असेल, तर हाताने कितीही भरभर ओढा, ढील संपेपर्यंत उशीर होतो. पुढे वारा परतला की जो झटका बसतो तो वेगळाच. सगळ्यात वाईट म्हणजे याची आधी काही खूण मिळत नाही. उलट त्या क्षणी पतंग फार छान चढल्यासारखा दिसतो.

याला उपाय नाही असे नाही. ५-६ मीटरची झालरीची शेपटी लावली की हवेचा अडथळा वाढतो आणि डेल्टा बराच आवरतो. काहींना तेवढे पुरते. पण शेपटी लावली की मंद वाऱ्यातला त्याचा फायदा थोडा जातो, आणि तोच तर त्याला घेण्याचे मुख्य कारण होता.

रोक्काकूचे बिघडणे हाताला कळते. वारा वाढला तर ओढ वाढत जाते. वारा पडला तर तो सहसा मागे रेलून, हेलकावे घेत, सावकाश उतरतो आणि तेवढ्यात दोरी गुंडाळायला सवड मिळते. तोही कधी डोक्यावर येतो, पण तुलनेने कमी. १८८८ मध्ये आर्थर बातु यांनी फ्रान्समध्ये कॅमेरा पतंगालाच बांधला होता. १९०६ मध्ये जॉर्ज लॉरेन्स यांनी भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोचे फोटो काढताना जड कॅमेऱ्यासाठी पतंगांची अख्खी माळ लावली. आपला भार एकाच पतंगावर असतो, म्हणून तो बिघडताना सूचना देणारा हवा.

त्याची किंमत म्हणजे मैदानावरची मेहनत. डेल्टा दोन मिनिटांत तयार होतो, रोक्काकूला निवांत वेळ द्यावा लागतो. कन्नीचे डावे-उजवे पाय तंतोतंत सारखे हवेत, अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही आकाशात दिसतो. जोराच्या वाऱ्यात कन्नीची कडी (जिला मुख्य दोरी बांधतात) एक सेंमी नाकाकडे सरकवा, मंद वाऱ्यात एक सेंमी खाली. चांगली जागा सापडली की तिथे पेनाने खूण करा. बांबूची काठी घेतली तर पेर मधोमध येऊ देऊ नका. कमान दिल्यावर काठीचे दोन्ही अर्ध सारखे वाकले आहेत का, ते कापड चढवण्याआधीच बघा. कन्नी गुंतू नये म्हणून गुंडाळताना तिची वेणी घाला.

आणखी एक. जोराच्या वाऱ्यात रोक्काकू खाली आणणे एकट्याचे काम नाही. चक्री खुंटीला बांधायची, कातडी हातमोजा घालून दोरी हाताखाली दाबत पतंगाकडे चालत जायचे आणि कॅमेरा हाती आला की आधी तो सोडवायचा. दोरी विणलेल्या पॉलिएस्टरची, १०० किलोच्या आसपास ताण सोसणारी घ्या. डायनीमा ही कृत्रिम धाग्याची दोरी बारीक आणि भक्कम खरी, पण ती हात कापते आणि दुसऱ्या दोरीशी घासली तर वितळते.

वारा कायम ताशी १० किलोमीटरच्या आत असेल, जागा अडचणीची असेल, तर शेपटी लावून डेल्टाच घ्या. बाकी ठिकाणी, विशेषतः कॅमेरा गमावणे परवडणारे नसेल तर, मी रोक्काकूच सुचवीन. कॅमेरा जोडण्याआधी पतंग पंधरा मिनिटे मोकळा उडू द्या. तेवढ्या वेळात दोरी एकदाही ढिली पडली, तर त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवा.