'केबिन ट्रीटमेंट'चे पैसे घेतले, वास तसाच राहिला

जुन्या गाडीत कुबट वास येत असेल तर कुणाकडेही जाण्याआधी फूटमॅट उचला आणि खालचं कार्पेट जोरात दाबून बघा. ज्या डिटेलिंगवाल्याने (गाडीची आतून-बाहेरून सखोल सफाई करून देणाऱ्याने) माझ्याकडून सगळ्यात महागड्या पॅकेजचे पैसे घेतले, त्याने एवढंसुद्धा केलं नव्हतं.

एसी लावला की सुरुवातीला ओल्या मोज्यांसारखा वास यायचा, मग हळूहळू कमी व्हायचा. मला कमी खर्चात आतून साफसफाई करून हवी होती. डिटेलिंगच्या दुकानातल्या माणसाने दार उघडून वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, कॉइलला बुरशी धरलीय. घरात म्हातारी माणसं असतील तर हे अंगावर काढू नका." साध्या सफाईने भागणार नाही, 'केबिन ट्रीटमेंट'च लागेल. म्हणजे सीट आणि कार्पेट मशीनने धुणं, एसीची कॉइल साफ करणं, वास मारायला ओझोन वायू सोडणं, नवा केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा), आणि वर्षभरात वास परत आला तर पुन्हा फुकट. माझी आई शेजारी उभी होती, तिला दमा आहे. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, आणि या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

गाडी ताब्यात देताना त्याने बादलीभर काळं पाणी दाखवलं. बघितल्यावर कुणालाही वाटेल की काम चोख झालंय. पण जुनी सीट धुतली की काळं पाणी निघतंच, गाडीला वास असो वा नसो. वासाचं मूळ सापडल्याचा तो पुरावा नव्हे. आत परफ्यूम दरवळत होता, काचा बंद होत्या, ओझोनचं मशीन नुकतंच बाहेर काढलेलं. आई आत बसली आणि तिला ठसका लागला, तो थांबेचना. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो. मशीन चालू असताना आत कुणी नसावं, नंतरही दारं सताड उघडी ठेवून हवा खेळू द्यावी लागते. दम्याचं माणूस समोर दिसत असताना त्यांनी हे सांगितलं नाही. पैशांपेक्षा मला या गोष्टीचा जास्त राग आहे.

परफ्यूम उडाला तसा वास परत आला, पहिल्यापेक्षा उग्र. हमीची आठवण करून दिली, तर "गाडीत पाणी सांडलं असेल तुमच्याकडून" असं उत्तर मिळालं. बिल काढून पाहिलं तर त्यावर फक्त 'इंटिरियर क्लीनिंग'. फिल्टरचा उल्लेख नाही, हमीचाही नाही.

शेवटी नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने ग्लोव्ह बॉक्स उतरवला, मागचं झाकण काढलं आणि फिल्टर बाहेर ओढला. काळाकुट्ट, घड्यांमध्ये वाळक्या पानांचा चुरा, एका कोपऱ्यात कुठल्याशा किड्याचे पंख. हा 'नवा' फिल्टर! मग त्याने चालकाशेजारच्या सीटसमोरची मॅट उचलून कार्पेटवर अंगठा दाबला. खालच्या फेल्टमधून, म्हणजे कार्पेटखालच्या जाड अस्तरातून, पाणी वर आलं.

एसीची कॉइल गार असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते आणि ते पाणी एका बारीक ड्रेन पाइपमधून गाडीखाली टपकतं. माझा पाइप मातीने तुंबलेला होता, त्यामुळे पाणी आतच झिरपत होतं. त्यात त्या लोकांनी कार्पेट धुऊन नीट वाळवलंच नाही. ओझोन पृष्ठभागावरचा वास मारतो, पण कार्पेटखालच्या भिजलेल्या फेल्टपर्यंत तो पोचत नाही. आणि ओल राहिली की बुरशी पुन्हा येणारच.

खरा इलाज अगदी स्वस्तातला निघाला. पाइप मोकळा केला, कार्पेट उचलून फेल्ट उन्हात खडखडीत वाळवलं, फिल्टर बदलला. सगळं कोरडं झाल्यावर सीटवर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने काढला. ओल्यावर सोडा टाकू नका, त्याचा नुसता लगदा होतो. आता मुक्कामाच्या जरा आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो, म्हणजे कॉइल वाळते. वास गेला आहे.

फिल्टर घेऊन त्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी फक्त फिल्टरचे पैसे परत केले, बाकीचे नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो: गाडी देण्याआधी जुन्या फिल्टरच्या कडेला पेनाने खूण करा, त्याचा फोटो काढा आणि काम झाल्यावर तोच फिल्टर हातात मागा. हमी देत असतील तर ती बिलावर लिहून घ्या. "वास कुठून येतोय?" असं विचारा, आणि मॅट न उचलता उत्तर देणाऱ्याला गाडी देऊ नका.

वास कुबट नसून गोडसर असेल आणि काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल, तर हीटरमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळत असण्याची शक्यता असते. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा. या दोन्हींवर परफ्यूम मारून देणारेही भेटतील.