प्रबंधासाठी सर्वेक्षण, केस स्टडी की प्रयोग?

अपसामान्य मानसशास्त्रात, म्हणजे मानसिक आजारांच्या अभ्यासात, एम.ए.चा प्रबंध करताय, विषय नैराश्य ठरलाय आणि गाडी पद्धतीवर अडली आहे, असं धरून लिहितेय.

केस स्टडी मोहात पाडते, कारण एकच माणूस लागतो. आजार दुर्मीळ असेल तर तिला पर्यायही नाही. पण मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याची १९०९ची ‘लिटल हान्स’ची केस आठवा. घोड्यांना घाबरणाऱ्या त्या मुलाची बहुतेक माहिती त्याच्या वडिलांकडून आली होती, आणि वडील फ्रॉइडच्याच विचारांचे. ओळखीतल्या कुणाची केस घेतली की आपलंही तेच होतं. शिवाय नाव बदलून भागत नाही. गिरगावातल्या चाळीत घरी शिकवण्या घेणारी बाई एवढं लिहिलं तरी अख्खी चाळ तिला ओळखते.

सर्वेक्षण बहुतेकांना झेपतं. समजा प्रश्न असा: लोकलचा प्रवास लांब असेल तर नैराश्य जास्त असतं का? नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, गुण ० ते २७. प्रवास आणि गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३च्या आसपास अपेक्षित असेल तर साधारण ८५ जण पुरतात. खरी अडचण पुढे आहे. विरार-बदलापूरकरांचे गुण जास्त आले, तर कारण प्रवास, की ज्या पगारामुळे तिथे घर घ्यावं लागलं तो पगार? की चार तासांची झोप? म्हणून उत्पन्न आणि झोपही विचाराच, आणि निष्कर्षात ‘मुळे’ हा शब्द लिहू नका. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाशी आपले आकडे ताडून पाहायचा मोहही टाळा. त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि पीएचक्यू-९ ही चाळणी आहे, निदान नव्हे.

नववा प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्ममध्ये कुणी ‘जवळजवळ रोज’ निवडलं, तर ते कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाला दिसेल असा ठेवा, आणि समोर बसून भरून घेणार असाल तर गरज पडल्यास कुणाकडे न्यायचं हे गाईडशी आधीच ठरवा.

कार्यकारण फक्त प्रयोगातून नीट कळतं. पण एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि फरक मध्यम आकाराचा असेल तर तो पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात, आणि मुंबईत आठ आठवडे १२८ जण टिकवणं एकट्या विद्यार्थ्याचं काम नाही. आजार निर्माण करून बघण्याचा तर प्रश्नच येत नाही. वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९२०मध्ये ‘लिटल अल्बर्ट’ या तान्ह्या मुलात भीती रुजवली आणि ती काढलीच नाही.

एक वाट फार कुणी धरत नाही: एकाच व्यक्तीवरचा प्रयोग. आधी काही दिवस नुसती रोजची नोंद, मग उपचार, मग थांबवून पुन्हा उपचार. ज्याला बरं वाटू लागलंय त्याचा उपचार थांबवणं पटत नसेल (मला पटत नाही), तर तीन जणांना वेगवेगळ्या आठवड्यांत उपचाराची सुरुवात करून द्या. ज्याचा त्याचा बदल उपचारानंतरच दिसला तर पुरावा भक्कम होतो. इंटर्नशिपमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पाठीशी असतील तर मी हेच निवडेन. नसतील तर सर्वेक्षण.

रुग्णांवर काम करायचं असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार त्यांची मोकळी, माहितीपूर्ण संमती लागते, आणि त्याआधी नैतिकता समितीची परवानगी. तिचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.