ट्यून केलेल्या पद्मिनीला पेट्रोल कसं पुरवायचं: मेकॅनिकल पंप, इलेक्ट्रिक पंप की इंजेक्शन?

प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन उघडून हेड घासलं, कॅम बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला, की पुढचा प्रश्न पेट्रोलचा. चर्चा लगेच कार्बोरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर, जाते: मोठा घ्यायचा की दोन लावायचे? माझं मत, सुरुवात टाकीपासून करा. पेट्रोल थंड आणि एकसारख्या दाबाने येत नसेल तर भारीतला कार्बोरेटरही काही करू शकत नाही.

साधा हिशोब बघा. 60 हॉर्सपॉवर देणारं इंजिन फुल थ्रॉटलवर तासाला साधारण 18 लिटर पितं. धडधाकट मेकॅनिकल पंप एवढं देतो. खरा त्रास उष्णतेचा आहे. हा पंप इंजिनच्या ब्लॉकवरच बसलेला, आणि पेट्रोल ओढायचं थेट मागच्या टाकीतून. ओढणाऱ्या बाजूला दाब घटतो, तापलेल्या पेट्रोलची तिथेच वाफ होते. मे महिन्यात भर दुपारी कसारा घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर रखडलात की गाडी आधी मिसिंग करते, मग बंद पडते, आणि पंपावर ओलं फडकं टाकून थांबावं लागतं. गाडी रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडवर फिरवण्यापुरतीच असेल तर हा पंप जरूर ठेवा. स्वस्त आहे, वायरिंग नाही, इंजिन थांबलं की तोही थांबतो. फक्त डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) आणि रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला. ई20मध्ये, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, जुनं रबर फुगतं, चिरतं.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या अंगाला बसतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास बराच कमी होतो. थंडीत निफाडकडे पारा उतरलेला असतो, गाडी पंधरा दिवस उभी असते. किल्ली फिरवली की पंप टकटक करत फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, भरतो, मग सेल्फ मारायचा. कार्बोरेटरला दाब हवा सुमारे 3 पीएसआय. इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीचा पंप भंगारात स्वस्त मिळतो म्हणून इथे लावू नका. तो 3 बार, म्हणजे 43 पीएसआयच्या आसपास काम करतो. फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) एवढा दाब अडवू शकत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडतं. रेग्युलेटर लावा, आणि पंपाचा रिले ऑइल प्रेशर स्विचवरून घ्या, म्हणजे अपघातात इंजिन थांबल्यावर पंप चालू राहणार नाही. फक्त सेल्फ मारण्याआधी वाटी भरण्यापुरता तो किल्लीवर चालेल अशी जोड ठेवा. हे काम ज्याला फालतू वाटतं, त्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नका.

आता जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र. पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, ई20ला साधारण 13.5 पट. जुन्या जेटवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि हेड घासून वाढवलेल्या कॉम्प्रेशनला तेच घातक. मेन जेट मोठा करावाच लागतो.

इंजेक्शन हे हिशोब स्वतः सांभाळतं. ऑक्सिजन सेन्सर इथेनॉलचा फरक ओळखतो, दाबाचा सेन्सर घाटाखालची आणि नाशिकच्या सहाशे मीटर उंचीवरची हवा. चालवायला सुंदरच. पण त्यासाठी ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), क्रॅंक सेन्सर, थ्रॉटल बॉडी, जास्त दाबाचे पाइप आणि टाकीकडे परतीची लाइन हवी. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका कडेला जातं. कार्बोरेटर वाटीतल्या साठ्यावर तेवढा वेळ काढतो, इंजेक्शनला क्षणभर हवा मिळाली तरी इंजिन झटका देतं. म्हणून मधे छोटी टाकी बसवावी लागते. जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर. सातपूरच्या मायकोमुळे, म्हणजे आताच्या बॉशमुळे, या शहराला डिझेलचे नोझल पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. तरी पेट्रोलचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, गाडीत बसून, लॅपटॉपवर जुळवणं हे निराळं कसब आहे. ते येणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

मुंबई-नाशिक नेहमीचं असेल, तर माझा कौल कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि एकच, नीट जेट केलेला कार्बोरेटर याला. इंजेक्शन रोज गाडी वापरणाऱ्यानेच करावं; खर्च कितीतरी पट आहे. काहीही ठरवा, टाकी आधी उतरवून टॉर्चने आत बघा. इथेनॉल पाणी धरतं, तळाला गंज असतोच, आणि तो नव्या पंपात पहिल्याच दिवशी शिरतो. पंपाआधी जाड जाळीचा आणि नंतर बारीक फिल्टर, दोन्ही हवेत.