स्त्रियांसाठीचा ऑनलाइन कुराण वर्ग: उच्चार उत्तम, अर्थ अपुरा

मुलींनी शिकण्यासाठी घराबाहेर जाणे जेथे सहज मान्य होत नाही, अशा कुटुंबांतील मुली व गृहिणींसाठी चालणारा हा वर्ग मी वर्षभर केला. शिकवणाऱ्या सर्व आलिमा, म्हणजे इस्लामी धर्मविद्या शिकलेल्या स्त्रियाच असून कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असल्याने घरच्यांची हरकत उरत नाही.

तजवीद, म्हणजे कुराण पठणातील शुद्ध उच्चारांचे नियम, येथे मन लावून शिकवली जाते. जिभेच्या मुळापासून यायचा ‘क़ाफ’ सैल पडून साधा ‘काफ’ झाला, तर ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय याचे ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा होते, हे बाईंनी इतक्या वेळा घोटून घेतले की आता चूक आधी कानालाच खटकते.

अर्थाच्या तासांबद्दल मात्र तितके समाधान नाही. पत्नीच्या कर्तव्यांवर अनेक तास खर्च होतात. परंतु आई-वडिलांच्या मालमत्तेत स्त्रियांचाही वाटा सांगणारी सूरह निसा या कुराणातील अध्यायाची 7वी आयत (वचन) आणि मेहर, म्हणजे विवाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम, याविषयीची 4थी आयत एकाच तासात उरकली गेली. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, आल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या वर्गात विद्यार्थिनींचे प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून टाळले जावेत, हे विसंगत वाटते. पठणासाठी अवश्य प्रवेश घ्यावा. अर्थासाठी वेगळी सोय पाहावी.